इंग्लंडच्या खेड्यातील पबमध्ये रविवारचे जेवण : माळकरी पत्नीसह जावे का आणि काय मागवावे?

अंबाजोगाईकर यांचा प्रश्न

सर्व सदस्यांना नमस्कार. मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक असून येत्या जून महिन्यात पत्नीसह मुलाकडे इंग्लंडला, डर्बी येथे जाणार आहे. मुलाच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी आणि त्यांच्या पत्नी यांनी आम्हा सर्वांना एका रविवारी दुपारी पीक डिस्ट्रिक्टमधील खेड्यातल्या एका जुन्या पबमध्ये जेवणाचे आमंत्रण दिले आहे. पाहुण्यांना गावाकडच्या पबमध्ये जेवू घालणे ही त्यांच्याकडे आपुलकीची रीत आहे, असे मुलगा सांगतो. आमंत्रण इतके मनापासून आहे की ते नाकारून त्यांना दुखवावे असे आम्हा दोघांनाही वाटत नाही.

माझी पत्नी माळकरी आहे. कांदा-लसूण तिला चालतो. पण मांस, मासे किंवा अंडे यांचा अंश असलेले काहीही ती घेत नाही आणि एकादशी कधी मोडत नाही. मी स्वतः कोंबडी आणि मटण खातो, परंतु गोमांस खात नाही आणि मद्याला आजवर शिवलेलो नाही. आमच्या भागात दारू मिळणारे ठिकाण म्हटले की हमरस्त्यालगतची परमिट रूम डोळ्यांपुढे येते आणि तिथे घरच्या बायका पाऊल टाकत नाहीत. म्हणून माहीतगारांना विनंती आहे की त्यांनी सविस्तर सांगावे. तेथील खेड्यातला पब नेमका कसा असतो, वयस्कर माळकरी स्त्रीला तिथे बसणे अवघड वाटेल का, ती तिथे काय खाऊ शकेल, आणि हे सारे यजमानांना संकोच न वाटू देता कसे सांगावे? मुलगा शहरात राहतो आणि घरीच स्वयंपाक करतो, त्यामुळे त्यालाही याची फारशी माहिती नाही.

मांजरातीर यांचे उत्तर

गुरुजी, नमस्कार. मी मूळचा लातूरचा आणि बरीच वर्षे नॉटिंगहॅमशायरमध्ये राहतो. आपण ज्या भागात जाणार आहात तो माझ्या घरापासून फार दूर नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

परमिट रूमचे चित्र मनातून पूर्णपणे काढून टाका. खेड्यातील पब बहुधा चर्चच्या जवळ किंवा गावाच्या मुख्य रस्त्यावर असतो, आणि आपल्याकडे गावातील माणसे पारावर जशी सहज येऊन बसतात तशी तेथील म्हातारीकोतारी, मुलेबाळे आणि शेतावरून परतणारी माणसे तिथे येऊन बसतात. रविवारी दुपारी तर आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत अख्खे कुटुंब एका टेबलाभोवती असते. इमारत पुष्कळदा दोन-तीनशे वर्षांची, छत ठेंगणे, तुळया काळ्या पडलेल्या आणि एका भिंतीत मोठी शेगडी असते. आपण जूनमध्ये जात असल्यामुळे मागच्या बागेतील लाकडी बाकांवर बसायला मिळण्याची शक्यता जास्त आहे, आणि वहिनींना तिथे अधिक मोकळे वाटेल असे मला वाटते. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानास बंदी आहे, त्यामुळे आत धुराचा त्रास नसतो. मात्र बागेत शेजारच्या टेबलावर कोणी सिगारेट ओढत असू शकते, तेव्हा जागा पाहून बसावे. आणखी एक गोष्ट वहिनींना आधीच सांगून ठेवावी, ती म्हणजे बहुतेक गावच्या पबमध्ये लोक आपली कुत्री सोबत आणतात आणि ती टेबलाखाली शांतपणे पडून असतात.

पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान असून ते १९५१ मध्ये घोषित झाले. टेकड्यांवरून पायी हिंडणाऱ्यांची तिथे सतत वर्दळ असते. १९६५ मध्ये खुली झालेली पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट याच भागातील ईडेल गावी, ओल्ड नॅग्ज हेड या पबपासून सुरू होते. त्यामुळे आपल्या शेजारी चिखलाने माखलेल्या बुटांतील मंडळी बसलेली दिसली तर नवल वाटू देऊ नये. कपड्यांचा कोणताही दंडक नसतो. वहिनींनी नेहमीची साडी नेसावी आणि वर स्वेटर असू द्यावा, कारण जूनमध्येही डोंगरावरचा वारा बोचतो.

आता रीतीविषयी. पुष्कळ पबमध्ये कोणी टेबलावर येऊन विचारत नाही. आपणच टेबल पकडायचे, त्याचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि काउंटरवर जाऊन जेवण व पेये सांगायची. पेये तिथल्या तिथे मिळतात आणि जेवण मागाहून टेबलावर येते. काउंटरपाशी रांग दिसत नाही, तरी कोण आधी आले हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तो क्रम पाळला जातो. हाक मारणे, चुटकी वाजवणे किंवा नोट हलवणे तिथे उद्धटपणाचे समजतात. काही पबमध्ये जेवणाचा वेगळा कक्ष असतो आणि तिथे मात्र दारापाशी थांबावे लागते व कर्मचारी जागा दाखवतात. आपले यजमान हे सर्व पाहतीलच.

वेळ पाळणे महत्त्वाचे आहे. पब दिवसभर उघडा असला तरी स्वयंपाकघर दिवसभर चालू नसते. रविवारी साधारण १२ पासून दुपारी ३ किंवा ४ पर्यंतच जेवण मिळते, आणि भाजलेले मांस संपले की पाटीवरून नाव पुसले जाते. रविवारी संध्याकाळी तर अनेक स्वयंपाकघरे बंदच असतात. खेड्यातील बसगाड्याही रविवारी विरळ असतात, म्हणून जाण्या-येण्याची सोय मोटारीची असावी.

पिण्याच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. तिथे सायडर मागितले तर सफरचंदाचे मद्य मिळते, रस नव्हे. शँडीमध्ये बिअर असते. बिनदारूची म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरच्या वाटेलाही जाऊ नये, कारण काही बाटल्यांमध्ये अल्प प्रमाणात का होईना, मद्यार्क असतो. सोडा घातलेले लिंबाचे सरबत, सफरचंदाचा रस किंवा एल्डरफ्लॉवरच्या फुलांचे सरबत निश्चिंतपणे घ्यावे. साधे पाणी मागितल्यास ते विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि चहा बहुतेक ठिकाणी मिळतो. मद्य न घेणाऱ्याकडे तिथे कोणी वळूनही पाहत नाही, कारण ज्याला मोटार चालवायची असते तोही तेच करत असतो.

पूर्णाकाठ यांचे उत्तर

मी परभणीचा. शिक्षणाच्या काळात यॉर्कशायरमधील एका गावच्या पबच्या स्वयंपाकघरात काम केले आहे, त्यामुळे ताटात काय असते याविषयी लिहितो. वरील उत्तरात आले नाही असे पुष्कळ काही स्वयंपाकघरात घडते आणि माळकरी माणसाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

रविवारच्या जेवणाचा गाभा म्हणजे भट्टीत भाजलेले मांस. गाय, मेंढी, डुक्कर किंवा कोंबडी यांपैकी एक निवडायचे आणि त्यासोबत भाजलेले बटाटे, उकडलेल्या भाज्या, यॉर्कशायर पुडिंग आणि ग्रेव्ही. गोमांसाबरोबर हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाची चटणी, मेंढीच्या मांसाबरोबर पुदिन्याची आंबट चटणी आणि डुकराच्या मांसाबरोबर सफरचंदाची चटणी देण्याचा प्रघात आहे. गुरुजी, आपल्यासाठी मेंढीचे मांस किंवा कोंबडी योग्य ठरेल. कॉटेज पाय आणि स्टेक अँड एल पाय या दोन्हींमध्ये गोमांस असते, आणि दुसऱ्यात एल नावाची बिअरही असते. मद्य पदार्थात शिजवलेलेही नको असेल तर ते वेगळे सांगावे लागते, कारण माशाच्या पिठात बिअर आणि रश्शात वाइन घालणे तिथे नित्याचे आहे.

आता वहिनींचा प्रश्न. पहिली गोष्ट ही की तिथे शाकाहारी या शब्दात अंडे धरलेले असते. मेन्यूवर शाकाहारी खूण असलेला पदार्थ मागवला आणि त्यात अंडे निघाले, तर त्यात स्वयंपाक्याची चूक नसते. म्हणून मुख्य जेवणासाठी व्हीगन पदार्थ मागवणे हा सुरक्षित मार्ग आहे. त्यात दूधही नसते, पण लोणी किंवा चीज वेगळे मागून घेता येते.

दुसरी गोष्ट चरबीची. यॉर्कशायर पुडिंग हा गोड पदार्थ नव्हे. मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ पीठ धूर निघेपर्यंत तापवलेल्या चरबीत ओतून ते भट्टीत फुगवतात, आणि पारंपरिक पद्धतीत ही चरबी गोमांसाची असते. भाजलेल्या बटाट्यांची कथा याहून वेगळी नाही. ते आधी अर्धवट उकडतात, भांड्यात हलवून त्यांच्या कडा खरबरीत करतात आणि मग गोमांसाच्या किंवा बदकवर्गीय पक्ष्याच्या चरबीत भाजतात, कारण तसा कुरकुरीतपणा तेलाने येत नाही असे जुन्या स्वयंपाक्यांचे मत आहे. दिसायला तो केवळ बटाटा असतो. ग्रेव्ही हाडांच्या अर्कातून आणि मांसातून सुटलेल्या रसातून होते. तळलेले चिप्सही काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, चरबीत तळतात. आणि तेल वापरत असले तरी छोट्या स्वयंपाकघरात त्याच कढईत मासे तळलेले असतात.

इथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे कायद्याने सक्तीचे आहे. त्यामुळे पदार्थात अंडे, दूध, मासे किंवा सुकामेवा आहे का, याचे उत्तर पबमध्ये काटेकोरपणे मिळते आणि बहुधा त्यांच्याजवळ तशी लेखी नोंदही असते. परंतु प्राण्याची चरबी त्या १४ घटकांत येत नाही. म्हणून केवळ ॲलर्जीची यादी पाहून समाधान मानू नये. बटाटे कशात भाजले, चिप्स कशात तळले आणि ग्रेव्ही कशाची, हे तीन प्रश्न स्पष्टपणे वेगळे विचारावेत. चीज करताना दूध फाडण्यासाठी वापरतात त्या रेनेटचा प्रश्नही त्या यादीबाहेरचाच आहे, कारण पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात. ब्रिटिश चेडर चीज पुष्कळदा वनस्पतिजन्य रेनेटने करतात, पार्मेझान हे इटालियन चीज मात्र वासराच्या रेनेटशिवाय होत नाही. वॉर्सेस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात आणि तो चीज-टोस्टवर सर्रास शिंपडतात.

मग खावे काय? सुकामेव्याचा भाजलेला वडीवजा पदार्थ, ज्याला तिथे नट रोस्ट म्हणतात, तो रविवारी पुष्कळ पबमध्ये मिळतो. मात्र बांधणीसाठी अंडे घातले आहे का ते विचारावे. सालासकट भट्टीत भाजलेला जॅकेट पोटॅटो लोण्यासह मिळाला तर तो एकादशीलाही चालेल, आणि रविवारी एकादशी आलीच तर वहिनींसाठी तोच मागून ठेवावा. प्लाउमन्स लंच म्हणजे पाव, चीज, आंबटगोड लोणचे, व्हिनेगरमधला कांदा आणि सफरचंदाच्या फोडी असे थंड ताट असते. त्यात हॅम घालू नका असे सांगितले आणि चीजची खात्री केली की ते उत्तम जेवण होते. पबमधले हे ताट मला मनापासून आवडते, आणि आपल्याकडच्या माणसाला त्यातील गडद लोणचे नक्की रुचेल.

गोडात ॲपल क्रंबल मागवावे. शिजवलेल्या सफरचंदांवर मैदा, लोणी आणि साखर यांचा चुरा घालून ते भाजतात. त्यात अंडे घालत नाहीत. त्यावर ओततात तो कस्टर्ड मात्र विचारून घ्यावा. ताजा कस्टर्ड अंड्याच्या बलकाचा असतो, तर पावडरीचा कस्टर्ड बिनअंड्याचा. ही पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी पत्नीला अंडे सोसत नसे म्हणून तयार केली, आणि तीच पुढे जगभर पसरून आपल्याकडील फळांच्या कस्टर्डापर्यंत पोहोचली. शंका असल्यास क्रंबलवर साधी साय मागावी. डर्बीशायरचे प्रसिद्ध बेकवेल पुडिंग अंड्याचे असते, तेव्हा ते आपण खावे, वहिनींनी नाही. ख्रिसमस पुडिंगसारख्या वाफवलेल्या पुडिंगांमध्ये जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे ती टाळलेलीच बरी.

शेवटची आणि माझ्या मते निर्णायक सूचना ही, की हे सारे रविवारी काउंटरपाशी विचारू नये. गावच्या पबच्या स्वयंपाकघरात रविवारी एक-दोन स्वयंपाकी आणि एखादा मदतनीस इतकीच माणसे असतात, मांस सकाळीच भट्टीत गेलेले असते आणि दुपारी एक वाजता श्वास घ्यायला सवड नसते. त्या वेळी नवी मागणी आली तर त्यांची इच्छा असूनही वेगळे काही करता येत नाही. तेच गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास दूरध्वनी करून सांगितले, तर बटाट्यांचा एक वेगळा ट्रे तेलात लावणे त्यांना मुळीच जड जात नाही. आमच्या स्वयंपाकघरात अशा आधी आलेल्या मागण्या फळ्यावर लिहून ठेवत आणि त्या मनापासून पाळल्या जात.

गोदाघाट यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी नांदेडहून एक वेगळे मत नम्रपणे मांडतो. माळेचा नियम ताटापुरता नसतो. कुठे बसावे आणि कोणाच्या संगतीत जेवावे हाही त्याचाच भाग आहे, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी आम्हाला शिकवले. चहूबाजूंनी मद्याचे पेले भरले जात असताना वहिनींना घास गोड लागेल का, याचा विचार करावा. यजमानांच्या प्रेमाचा मान राखायचा असेल तर त्यांना मुलाच्या घरी बोलावून पुरणपोळी, कटाची आमटी आणि भजी यांचे जेवण द्यावे, आणि त्यांच्यासोबत डोंगरातील पायवाटेने फिरून यावे. त्या भागातील गावांमध्ये चहाची छोटी उपाहारगृहे असतात. तिथे बसून चहा आणि पावलोणी घेता येते. अंतिम निर्णय अर्थातच वहिनींचा.

बिंदुसरा यांचे उत्तर

गोदाघाट दादांच्या मताचा मला आदर आहे. मी बीडची. माझी आईही माळकरी, आणि भावाकडे गेली असता ती अशाच एका गावच्या पबमध्ये जेवायला गेली होती. तिने घरून निघतानाच ठरवले होते की बागेत बसायचे, स्वतःसाठी वेगळे ताट मागायचे आणि कोणाच्या ताटातले काही घ्यायचे नाही. तेथील लोक स्वतःहून एकमेकांच्या ताटात वाढत नाहीत, आग्रहही करत नाहीत, त्यामुळे तिला अवघड असे काही वाटले नाही. ताट आल्यावर तिने मनातल्या मनात वदनी कवळ म्हटले, आणि यजमान बाईंनी ते पाहून आपला हातातला काटा खाली ठेवून वाट पाहिली. नियम कुठवर न्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. वहिनींना आधी सर्व माहिती द्यावी आणि त्यांच्यावर कोणाचेही दडपण येऊ देऊ नये, एवढेच मला सुचवायचे आहे.

सहकाराच्या मुलखात वाढलेल्या आपल्यासारख्यांना आवडेल अशी एक गोष्ट जाता जाता सांगते. खेड्यांतील पब मोठ्या संख्येने बंद पडत आहेत आणि पब गेला की गावाला एकत्र बसायला जागा उरत नाही. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावातील ओल्ड क्राउन हा पब २००३ मध्ये गावकऱ्यांनीच सहकारी संस्था काढून विकत घेतला. पुढे २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधील गावांना अशी वास्तू सामुदायिक ठेवा म्हणून नोंदवण्याचा हक्क दिला. नोंदलेली वास्तू विकायला निघाली तर गावाला पैसा उभा करण्यासाठी सहा महिन्यांचा अवधी मागण्याची सोय त्या कायद्याने केली. गावाचा एवढा जीव जिथे गुंतलेला असतो, त्या जागेत पाहुण्यांना नेण्यामागे यजमानांची भावना काय असेल हे यावरून समजते.

अंबाजोगाईकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व उत्तरे मी पत्नीला वाचून दाखवली. गोदाघाट यांचे म्हणणे तिला पटले आणि बिंदुसराताईंच्या आईचा मार्गही पटला. तिने दोन्ही करायचे ठरवले आहे. पहिल्या रविवारी आम्ही पबमध्ये जाऊ, बागेतच बसू, आणि पुढच्या आठवड्यात यजमानांना घरी पुरणपोळीला बोलावू. पूर्णाकाठ यांनी लिहिलेले तीन प्रश्न मुलाने लिहून घेतले असून आम्ही पोहोचल्यानंतर तो पबला आधी दूरध्वनी करील. हे यजमानांना अगोदर सांगावे की परस्पर करावे, आणि बिल कोणी द्यायचे, या दोन बाबी अजून स्पष्ट व्हायच्या आहेत.

मांजरातीर यांचे उत्तर

गुरुजी, यजमानांना अवश्य आधी सांगावे. टेबल त्यांच्या नावाने राखलेले असणार, तेव्हा मुलाने परस्पर दूरध्वनी केला तर पबमध्ये गोंधळ होईल. पत्नी मांस, मासे, अंडी आणि प्राण्याची चरबी घेत नाही, असे एका वाक्यात लिहून कळवावे. तिथे आहाराचे निर्बंध विचारणे आणि सांगणे हा शिष्टाचाराचाच भाग मानला जातो, त्यामुळे त्यांना वाईट वाटणार नाही. उलट जेवताना पाहुण्याने ताट तसेच ठेवले तर त्यांना अधिक खंत वाटेल.

जेवणाचे बिल आमंत्रण देणारे देतील आणि त्याबद्दल हुज्जत घालू नये. पेयांची पाळी मात्र आळीपाळीने असते : एकाने सर्वांसाठी आणले की पुढच्या वेळी दुसरा उठतो. दुसऱ्या फेरीच्या वेळी आपल्या मुलाने उठून सर्वांना काय हवे ते विचारावे; आपण स्वतः सरबत घेत असलात तरी ही पाळी उचललेली तिथे आवडते. मात्र यजमानांसाठी मद्य आणणे आपल्याला किंवा वहिनींना रुचत नसेल, तर त्याऐवजी सर्वांसाठी जेवणानंतरची कॉफी आपल्याकडून सांगावी. काउंटरवर बक्षिसी ठेवण्याची चाल नाही. टेबलावर वाढणारे कर्मचारी असतील तर बिलात सेवाशुल्क आधीच धरले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर साधारण दहा टक्के रक्कम यजमान ठेवतील.

घरी बोलावताना त्यांनाही काय चालते ते विचारून घ्यावे. पुरणपोळीतील गव्हाचा ग्लूटेन आणि तूप हे दोन्ही पदार्थ न सोसणारी बरीच माणसे तिकडे आहेत.